पांढऱ्या दाराच्या डावीकडे

१

हिल्केचं पोट चुकांवर चालत होतं, तेही दुसऱ्यांच्या. ग्रोनिंगेन शहरातून निघणाऱ्या एका कोड्यांच्या साप्ताहिकासाठी ती तर्ककोडी तपासायची. रचणारा कोडं रचून मोकळा होतो. पाच घरं, पाच दारं, कोण काय पितं, कोणाकडे कुठलं जनावर आहे, आणि खाली आठ-दहा खुणा. त्या खुणांमधलं एखादं वाक्य नेमका घात करतं. 'मांजर पाववाल्याच्या डावीकडे आहे.' डावीकडे म्हणजे रस्त्यात उभं राहून घरांकडे बघणाऱ्याच्या, की खिडकीतून रस्त्याकडे बघणाऱ्याच्या? लगेच डावीकडे, की डाव्या अंगाला कुठेतरी? अशी वाक्यं पकडून त्यांना सरळ करणं हे हिल्केचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

तिची रीत सोपी होती. संशय आला की कोडं दोन्ही अर्थांनी सोडवायचं. एका अर्थानं दोन-तीन उत्तरं निघतात, दुसऱ्यानं एकच. ज्यानं एकच निघतं तो अर्थ खरा. समासात पेन्सिलीनं तसं लिहायचं आणि कागद संपादक राइन्टकडे पाठवून द्यायचा. मग राइन्ट सही करायचा आणि कोडं छापायला जायचं. उत्तर एकच हवं, हा त्या धंद्याचा देव होता. इतक्या वर्षांत हिल्केनं दुसरा देव मानलाही नव्हता.

ती राहायची आपिंगेडाम गावाबाहेर, कालव्याकाठच्या पाच घरांच्या चाळीत. एकाला एक चिकटलेली विटांची घरं, मधल्या भिंती इतक्या पातळ की शेजाऱ्याला शिंक आली की आपणच रुमाल शोधावा. रस्त्यावरून पाहिलं तर डावीकडून पहिलं दार लाल, तिथे हार्म बोल्हाउस, निवृत्त नावाडी. मग हिरवं दार आफ्केचं, ती एकटीच. मधलं पांढरं हिल्केचं. चौथं निळं तिच्या धाकट्या भावाचं, वुब्बोचं. शेवटचं पिवळं कोणा जर्मन कुटुंबाचं, ते सुट्टीत आले तर आले.

मंगळवारी टपाल आलं तेव्हा वुब्बो तिच्या स्वयंपाकघरात बसून तिच्याच कपात टोस्ट बुडवत होता. आई गेली तेव्हा तो शाळेत जात होता. हिल्केनं त्याला वाढवलं, आणि पन्नाशी आली तरी त्याची ही सवय तिला मोडता आली नव्हती.

"मोजे बदल आधी," हिल्के म्हणाली. "तुझी कबुतरंसुद्धा नाक धरत असतील."

"माझी कबुतरं घरंदाज आहेत. तुझ्यासारखी नावं ठेवत नाहीत."

साप्ताहिकाकडून आलेल्या पाकिटात एकाच हाताची दोन कोडी होती. रचणाऱ्याचं नाव नव्हतं. नवे लोक लाजतात, तसं असेल. पहिल्यात पाच घरं, पाच जनावरं, पाच हत्यारं. हिल्केनं दारांचे रंग वाचले आणि तिला हसू आलं. लाल, हिरवं, पांढरं, निळं, पिवळं.

"हे तू पाठवलंस का रे?"

"मी? मला माझ्या कबुतरांचे नंबर पाठ होत नाहीत, मी कसली कोडी रचतोय!"

मग योगायोग. रंग असून असून किती असणार? तिनं पेन्सिलीला टोक केलं. हंस आणि कुऱ्हाड एकाच घरात होते, आणि अडलेली खूण नेहमीच्या वळणाची होती: 'हंस पांढऱ्या दाराच्या डावीकडे आहे.' खिडकीतून डावीकडे धरलं तर निळं दारही चालत होतं नि पिवळंही. रस्त्यावरून धरलं तर लाल किंवा हिरवं, पण लाल दाराशी मांजर आधीच बसवलेलं, म्हणजे हिरवं. उत्तर एकच. तिनं समासात लिहिलं, 'रस्त्यावरून बघताना', आणि दुसरं कोडं घेतलं. त्यात जनावरांऐवजी माणसं होती, आणि खूण जवळपास तीच: 'फावडं पांढऱ्या दाराच्या डावीकडे आहे.' तिथेही रस्त्यावरूनच जमत होतं. या वेळी हिरवं दार बाद झालं आणि लाल उरलं. वुब्बोचा टोस्ट संपायच्या आत दोन्ही उलगडली, आणि दुपारी तिनं पाकीट पेटीत टाकलं.

२

गुरुवारी सकाळी राइन्टचा फोन आला.

"हिल्के, तुमच्या हाताला सोन्याचं कडं घालायला पाहिजे. हंसाचं कोडं वाचलं, काय नेमकं पकडलंत! सही केली बघा आत्ताच. फावड्याचं उद्या बघतो."

ती काहीतरी मस्करी करणार होती, तेवढ्यात भिंतीपलीकडे आफ्के किंचाळली. साधी घाबरून नाही, घसा फाटेल अशी. हिल्केनं फोन तसाच ठेवला आणि मागच्या अंगणातून धावली.

आफ्केच्या धुण्याच्या खोलीत हंस होता. बोल्हाउसचा. तो त्याला 'पाद्री' म्हणायचा, कारण येणाऱ्याजाणाऱ्याला फिस्कारून पापाची आठवण करून देण्यात त्याचा हातखंडा होता. आता त्या पाद्र्याचे तुकडे फरशीभर होते. एक घाव घालून मान तोडली असती तर गोष्ट वेगळी. इथे कोणीतरी घाव घालत राहिलं होतं, हंस मेल्यानंतरही, फरशीचे टवके उडेपर्यंत. पांढरी पिसं रक्तानं भिंतीला चिकटली होती. आफ्केची कुऱ्हाड खिळ्याला जागच्या जागी टांगलेली होती आणि तिच्यातून थेंब गळत होते.

"कडी आतून होती," आफ्के पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मी स्वतः काढली. हिल्के, कडी आतून होती गं."

बोल्हाउस आला, त्यानं बघितलं, आणि एवढा आडदांड माणूस दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. मग त्यानं आफ्केला नको नको ते सुनावलं. वुब्बोनं त्याला दंडाला धरून बाहेर नेलं.

"म्हातारे, तुझं डोकं फिरलंय," बोल्हाउस अंगणातून ओरडत होता. "माझ्या पोराला मारलंस तू, पोराला!"

३

हिल्के घरी आली, हात धुतले, आणि कार्बन कागदाखालची प्रत काढून बसली. हंस. कुऱ्हाड. हिरवं दार.

आता हिल्के काही फुलातून भविष्य बघणाऱ्यांतली नव्हती. चर्चमध्येही ती ऑर्गन ऐकायला जायची. तिनं बुद्धीला कामाला लावलं. कोणी गावातलाच विकृत असेल, त्यानं कोडं रचलं आणि मग तसं केलं. ठीक. पण रचणाऱ्याला उत्तर कोणी सांगितलं? वाक्य तर दोन्हीकडे झुकणारं होतं. हिरवं दार तिनं ठरवलं होतं, या टेबलाशी, पेन्सिलीनं. खिडकीतून डावीकडे धरलं असतं तर हंस निळ्या दारामागेही सापडू शकला असता. वुब्बोच्या घरात.

आणि दुसरं कोडं पेटीत पडून दोन दिवस झाले होते.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. शुक्रवारी सकाळी तिनं राइन्टला फोन लावला. तो लवकर उचलत नव्हता.

"राइन्ट, फावड्याचं कोडं थांबवा."

"का हो? चूक आहे?"

"चूक नाही. पण छापू नका."

"चूक नाही तर थांबवू कशाला? संपादकाला वेडा करायचा बेत दिसतोय तुमचा." त्याच्या हसण्यात कागदाची सळसळ मिसळली. "आणि उशीर झाला बघा. ही घ्या सही. आत्ता केली."

तेव्हा तो आवाज आला. दोन भिंती ओलांडून आला, म्हणून बोथट होता. कोणीतरी सतरंजी झोडपतंय असा. एक, मग थांबा, मग दुसरा. तिसऱ्या आवाजाबरोबर माणसाचा आवाज होता आणि त्यात शब्द नव्हते.

४

लाल दाराला आतून अडसर होता. मागचं दारही बंद. वुब्बोनं कोपरानं काच फोडली, हात आत घालून कडी काढली, आणि दोघं आत शिरली.

बोल्हाउस स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली होता. जगण्यासाठी एवढं मोठं शरीर त्यानं तिथे कोंबलं होतं. टेबल ओकचं, त्याच्या बोटीवरचं. त्याची फळी मधोमध फुटून आत वाकली होती. फावडं फळी फोडून खाली उतरलं होतं आणि तिथेच थांबलं नव्हतं, असं त्याच्या खांद्याकडे, जबड्याकडे बघून कळत होतं. एक हात पूर्ण तुटून चुलीपाशी पडला होता, त्यात अजून कॉफीचा चमचा होता. रक्त फरशीच्या फटीफटीतून चौकोन आखत हिल्केच्या पायांकडे येत होतं.

"हार्म," वुब्बो गुडघ्यांवर बसला. "हार्म, कोण होतं? बोल ना रे."

म्हाताऱ्याचा डोळा हलला. वुब्बोकडे नाही, हिल्केकडेही नाही. तो दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बघत होता आणि टेबलाखाली आणखी मागे सरकायला बघत होता. सरकता सरकताच गेला.

पोलीस आले, त्यांनी फोटो काढले, प्रश्न विचारले. दार आतून बंद, फावडं म्हाताऱ्याचंच, त्यावर त्याचेच ठसे. एक तरुण हवालदार कालव्यात ओकून आला. हिल्केनं त्यांना कोड्याची प्रत दाखवली, तर साहेबानं ती वाचली, परत दिली, आणि वुब्बोला बाजूला घेऊन म्हणाला, "बहिणीला जरा झोपेची गोळी द्या."

संध्याकाळी आफ्केनं दोन बॅगा भरल्या आणि ती आसन नावाच्या शहरात लेकीकडे निघून गेली. जाताना तिनं हिल्केला मिठी मारली.

"तूही निघ. इथे काय ठेवलंय?"

"वुब्बो येत नाही गं."

५

तिसरं कोडं पुढच्या मंगळवारी आलं. एकटंच, त्याच हाताचं.

हिल्केनं ते उघडलं नाही. चुलीशी नेलं, काडी पेटवली, आणि काडी बोट भाजेपर्यंत जळू दिली. जाळून काय होणार होतं? राइन्टकडे मूळ कागद असायचाच. हिल्केनं नाही तपासलं तर तो दुसऱ्या कोणा बाईला देणार, ती आपलं काम चोख करणार, आणि उत्तर निघणार. त्यापेक्षा आपल्या हातात असलेलं बरं. तिनं पाकीट फोडलं.

पाच दारं, पाच माणसं, पाच हत्यारं. निळ्या दारात या वेळी 'कबुतरवाला' होता. खूण पाचवी: 'हातोडा पांढऱ्या दाराच्या डावीकडे आहे.'

पेन्सिल सवयीनं चालली. रस्त्यावरून डावीकडे धरलं तर हातोडा हिरव्या दारातही बसत होता नि लाल दारातही. दोन उत्तरं. खिडकीतून डावीकडे धरलं तर निळं किंवा पिवळं, आणि पिवळ्या दाराला तिसऱ्या खुणेनं दोरी आधीच देऊन टाकलेली. उरलं निळं. उत्तर एकच.

तिनं पुन्हा केलं. दुपारपर्यंत करत राहिली. कुठूनही शिरलं तरी वाट वुब्बोच्या दाराशी येऊन थांबत होती. आयुष्यभर ज्या एका उत्तरासाठी ती जिवाचा आटापिटा करत आली, ते समोर पडलं होतं आणि तिला ते नको होतं.

मग तिला सुचलं. चूक करायची. साधी, धंद्यात कोणी करू नये अशी चूक. समासात लिहायचं, 'रस्त्यावरून बघताना'. मग हातोडा लाल दारात जाईल नाहीतर हिरव्या दारात. लाल घरात आता कोणी नव्हतं, हिरवं घर कुलपात होतं. दोन रिकाम्या घरांत फिरू दे हातोड्याला. तिनं लिहिलं. लिहिताना तिला चोरी केल्यासारखं वाटलं आणि तरीही छाती हलकी झाली. पाकीट तिनं लगेच टपालपेटीत टाकलं.

नुसत्या कागदावर विसंबायचं नव्हतं. ती वुब्बोकडे गेली.

"चल, आठवडाभर कुठेतरी जाऊ. समुद्रावर जाऊ."

"शनिवारी कोवळ्या पक्ष्यांची पहिली शर्यत आहे, बाई. ते लांबून उडत घरी येतील आणि मी समुद्रावर आइस्क्रीम चाटत बसू?"

"वुब्बो, तुझ्या जिवाला धोका आहे."

तो गंभीर झाला. तिला खुर्चीवर बसवून त्यानं तिच्यासाठी कॉफी केली, आणि या वेळी तिच्या कपात काही बुडवलं नाही. "हिल्के, हार्मला ज्यानं मारलं तो माणूस आहे. माणूस दारातून येतो. मी दार लावून घेईन. तू माझ्यासाठी आयुष्य काढलंस, आता मी घोड्यासारखा झालोय, थोडी काळजी सोड."

त्याची पाठ वळल्यावर तिनं त्याच्या पेटीतला हातोडा उचलून एप्रनखाली लपवला. मग स्वतःच्या घरातलाही घेतला. काठावर उभी राहून तिनं दोन्ही कालव्याच्या मधोमध फेकले. तिथे पाणी खोल होतं आणि तळाला शेवाळ्याचं रान होतं.

वुब्बोला संध्याकाळी कळलं. "माझा हातोडा? आजोबांचा होता तो! तुला खरंच गोळी द्यायला पाहिजे." तो चिडला, मग हसला, मग पुन्हा चिडला. हिल्केला त्याची शिवी गोड लागली.

६

शनिवार उजाडला तो असा लख्ख की कालव्यात बघवेना. काही झालं नव्हतं. बुधवारी नाही, गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही. शुक्रवारी दुपारी हिरव्या घरातून काहीतरी घसटल्यासारखा आवाज आला होता. हिल्के भिंतीला कान लावून उभी राहिली. तो आवाज भिंतीजवळ आला, थांबला, दूर गेला, मग पलीकडे लाल घरात गेला, आणि परत आला. वाट चुकलेल्या माणसासारखं काहीतरी या खोलीतून त्या खोलीत फिरत होतं. तिची पाचावर धारण बसली होती, तरी तिच्या ओठांवर हसू आलं. सापडत नाहीये त्याला. दोन उत्तरं आहेत ना, फीर आता.

दुपार झाली तशी उजव्या भिंतीतून वुब्बोचा डबा ऐकू येऊ लागला. कोवळे पक्षी परत यायची वेळ झाली की तो वाटाण्यांचा पत्र्याचा डबा हलवायचा. तीनदा, मग थांबा, पुन्हा तीनदा, आणि मध्ये शीळ. पक्षी त्याच आवाजाला उतरायचे, दुसऱ्या कोणाच्या हाताला नाही. आज तो मागच्या दाराच्या पायरीवर बसला असणार, मान वर, तोंड उघडं. हिल्केनं सूप चुलीवर ठेवलं. पक्षी उतरले की तो वाडगा पुढे करून उभा राहणार होता.

फोन वाजला.

"हिल्के, शनिवारी त्रास देतोय, पण आज मला मिरवू द्या," राइन्ट म्हणाला. "तुमची चूक पकडली!"

तिनं चोंगा दुसऱ्या कानाला लावला.

"हातोड्याचं कोडं. तुम्ही रस्त्यावरून डावीकडे धरलंत. पण मग लाल दारही चालतं आणि हिरवंही! म्हटलं, आपल्या हिल्केकडून? उन्हाळ्याची सुस्ती असेल. शिवाय तुमच्या शेजारी ते भयंकर प्रकरण झालं, डोकं ठिकाणावर कसं राहणार? काही मनाला लावून घेऊ नका. मी वाक्य सरळ केलं. 'खिडकीतून बघताना डावीकडे.' की बसलं चपखल. निळं दार."

"राइन्ट, पेन खाली ठेवा."

"अहो, लाजता कशाला? कोणाला कळणारही नाही. तुमच्याच नावावर जाईल."

"पेन खाली ठेवा! पाया पडते तुमच्या, सही करू नका, तो माझा भाऊ आहे, राइन्ट, माझा—"

"झाली," राइन्ट म्हणाला.

हिरव्या घरातलं घसटणं थांबलं. मग काहीतरी तिच्या स्वयंपाकघराच्या मागून, अंगणातून, घाईनं गेलं. खिडकीवरून सावली गेली नाही. फक्त दोरीवरचे कपडे एकापाठोपाठ एक हलले, डावीकडून उजवीकडे, आणि फरसबंदीवर पाणी टपटपत गेलं.

वुब्बोचा डबा तीनदा वाजला. पुढचे तीन वाजले नाहीत.

७

तिला कुंपणापर्यंत जायला किती वेळ लागला असेल? सूप उतूही गेलं नव्हतं. तेवढ्यात तिनं पहिला घाव ऐकला, ओल्या लाकडावर पडावा तसा, आणि वुब्बोचा आवाज, "अरे, थांब," असा, कोणी ओळखीचा चेष्टा करतोय असं वाटून म्हटलेला. दुसऱ्या घावानंतर तो बोलला नाही. घाव मात्र पडत राहिले.

पायरीवर त्याचे लाकडी बूट शेजारी शेजारी ठेवलेले होते. मागचं दार उघडं होतं. तो आत जायला वळला असावा, कारण पालथा पडला होता, अर्धा आत, अर्धा बाहेर, भोक पडलेले मोजे उन्हात. डोकं जिथे असायला हवं तिथे हिल्केनं बघितलं आणि मग बघितलं नाही. भिंतीवर, चौकटीवर, दुधाच्या बाटलीवर सगळीकडे ते उडालं होतं. तिनं त्याचा हात धरला. बोटं गरम होती, त्यांनी तिचं बोट दाबलं, निदान तिला तसं वाटलं, आणि मग ती सैल पडली.

त्याच्या शेजारी फरशीवर आजोबांचा हातोडा होता. दांड्याला शेवाळं गुंडाळलेलं, चिखल ओला, आणि त्याच्याखाली कालव्याच्या पाण्याचं थारोळं हळूहळू लाल होत होतं.

ती ओरडली. गाव गोळा व्हावं इतकी ओरडली, पण पाच घरांपैकी कुठल्या घरात कोण होतं ऐकायला?

तेव्हा डबा वाजला.

अंगणाच्या टोकाला, कबुतरखान्याच्या शिडीवरून. तीनदा, मग थांबा, पुन्हा तीनदा. वुब्बोचीच लय. हिल्केनं मान वर केली. उन्हामुळे नीट दिसत नव्हतं. खुराड्याच्या अंधाऱ्या तोंडातून एक बाही बाहेर आलेली होती, काळपट ओली, आणि बाहीच्या टोकाला डबा. आकाशात एक कोवळा पक्षी घिरट्या घालत होता. तो खाली खाली आला, मुळीच न बिचकता त्या मनगटावर उतरला, आणि मनगटानं त्याला अलगद आत घेतलं.

ती कशीबशी घरी आली. रुग्णवाहिका बोलवायची, पोलीस बोलवायचे, एवढंच डोक्यात होतं. फोनचा चोंगा तारेला लोंबत होता आणि त्यातून राइन्टचा बारीक आवाज येतच होता. तिनं तो रक्ताळलेल्या हातानं कानाला लावला.

"—हिल्के? आहात ना? अहो, रुसलात की काय? बरं, तेवढं एक सांगा आणि मी ठेवतो. छापायला पाठवायच्या आधी तुमच्या तोंडून ऐकलं म्हणजे मला शांत झोप लागते. आता बरोबर आहे ना? एकच उत्तर येतंय ना?"

टेबलावर प्रत पडली होती. हिल्केनं पेन्सिल उचलली आणि पहिल्या खुणेपासून सुरुवात केली. रस्त्यावरून, खिडकीतून, लगेच डावीकडे, कुठेतरी डावीकडे. प्रत्येक वाक्य तिनं वाकवून बघितलं, मोडून बघितलं. भिंतीपलीकडे डबा वाजत होता. राइन्ट वाट बघत होता.

"हो," ती म्हणाली. "एकच येतं."